तपासणीचा प्रस्ताव मागे घेतला जातो तेव्हा : पार्श्वभूमी

विमानाच्या एखाद्या भागाची तपासणी कंपन्यांना सक्तीची करण्याचा नियामक संस्थेचा प्रस्ताव कधी कधी मागे घेतला जातो; त्याची ही पार्श्वभूमी. मराठवाड्यात विमान-सुरक्षेचा विषय निघाला की जुन्या लोकांना २६ एप्रिल १९९३ चा अपघात आठवतो. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उड्डाण घेताच बीड रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले आणि ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलल्याचे आणि उड्डाणाच्या वेळेत रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचे कारण पुढे आले. दोष यंत्राचा नव्हता. त्यामुळे सक्तीच्या तपासणीचा इतिहास आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही.

त्या इतिहासातले ठळक प्रकरण हवाई बेटांवरचे आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे पुढच्या भागातले छत २४,००० फुटांवर उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. खारट हवेत, छोट्या फेऱ्यांवर त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. पत्र्यांचे सांधे सुटून रिवेटच्या भोकांपाशी बारीक तडे गेले होते. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ तडा दिसलाही होता, पण ती कोणाला बोलली नाही. त्याहून बोचणारी गोष्ट चौकशी अहवालात आहे : बोइंगने सगळे सांधे तपासण्याचे सुचवले असताना अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने १९८७ च्या आदेशात त्यांपैकी काहींचीच तपासणी सक्तीची केली होती.

असा आदेश एरवी आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध होतो आणि त्यावर उत्पादक, विमान कंपन्या व वैमानिक संघटना हरकती मांडतात. धोका दुसऱ्या आदेशाने आधीच दूर झाला, दोषी भाग वापरातून गेला किंवा नव्या माहितीत धोका उरला नाही, असे दिसल्यास प्रस्ताव मागे घेतला जातो, आणि गरज पडल्यास तो पुन्हा आणताही येतो. तेव्हा माघार म्हणजे दरवेळी कंपन्यांपुढे नमणे नव्हे. मात्र विलंबाचीही किंमत असते. इंजिनच्या पंख्याची पाती अल्ट्रासोनिक पद्धतीने तपासण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०१७ मध्ये आला, त्यावर कंपन्यांनी मुदत वाढवून मागितली आणि तो अंतिम होण्याआधीच १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या विमानात पाते तुटून एका प्रवाशाचा जीव गेला. तातडीचा आदेश तीन दिवसांनी निघाला.

भारतात डीजीसीए ही विमान वाहतुकीची नियामक संस्था साधारणपणे विमान जिथे घडवले त्या देशाच्या नियामकाचे आदेश लागू करते, म्हणून तिकडे मागे घेतलेला प्रस्ताव इकडे बहुधा येतच नाही. इंजिनाचे इंधन सुरू-बंद करणारा स्विच चुकून हलू नये म्हणून असलेल्या लॉकविषयी एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये काढलेले पत्रक केवळ सल्ल्याचे होते, त्यामुळे एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. जून २०२५ मध्ये अहमदाबादला झालेल्या एअर इंडियाच्या विमान-अपघाताशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नसला, तरी जुलै २०२५ मध्ये डीजीसीएने तीच तपासणी भारतातल्या कंपन्यांना सक्तीची केली आणि त्यासाठी जेमतेम आठवडाभराची मुदत दिली.