झेंडूताई काही हॉब्सची बहीण नव्हे

माझी भाची नऊ वर्षांची आहे आणि सध्या तिच्या घरात एका शिंगवाल्या घोडीचं राज्य आहे. दप्तरावर शिंगवाली घोडी, पाण्याच्या बाटलीवर तीच. आता भर म्हणून ‘फीबी अँड हर युनिकॉर्न’ या चित्रपट्टीचे, म्हणजे कॉमिक स्ट्रिपचे, संग्रह. मागच्या रविवारी मुलुंडला गेले तर ती डायनिंग टेबलाखाली पालथी पडून वाचत होती. तिथूनच म्हणाली, “आत्या, हे तुझ्या केल्विनसारखंच आहे. फक्त मुलगी आहे, आणि वाघाच्या जागी घोडा.”

केल्विन म्हणजे ‘केल्विन अँड हॉब्स’ या पट्टीतला पोरगा, आणि हॉब्स त्याचा वाघ. पुस्तकाच्या दुकानात हेच सांगून पुस्तक गळ्यात मारलं होतं म्हणे. तसं म्हणण्यात गैरही काही नाही. दोन्हीकडे हुशार, तोंडाळ, वर्गात फारसं न जमणारं एक मूल, त्याला बोलणारा एक जनावर-मित्र, दोघांची जंगलात, पाण्याकाठी चाललेली अखंड बडबड आणि वैतागलेले पण बरे आईवडील. वर्तमानपत्रांना या पट्ट्या पुरवणारी संस्थासुद्धा मूळ एकच. म्हणून लोक दोन्ही पट्ट्यांना ‘काल्पनिक मित्राची गोष्ट’ म्हणून एकाच फळीवर ठेवतात. मला विचाराल तर त्या फळीवर दोघींपैकी एकही नीट बसत नाही. फीबी तर मुळीच नाही.

फरक ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. मित्राकडे बघायचंच नाही. मोठं माणूस पट्टीतल्या ज्या चौकटीत आत येतं, ती चौकट बघायची.

बिल वॉटरसनची ‘केल्विन अँड हॉब्स’ १८ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला त्याने ती स्वतःहून थांबवली. तिच्यात ही चौकट दर दोनचार दिवसांनी भेटते. आधीच्या तीन चौकटींत हॉब्स केल्विनहून उंच, दोन पायांवर चालणारा, मिशा फेंदारून टोमणे मारणारा वाघ असतो. चौथीत आई दारात येते आणि तिथे असतं कापसाचं एक छोटं खेळणं. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, मान थोडी कललेली, हातपाय सैल. मधे ‘फुस्स’ नाही, जादूचा धूर नाही, कसलंच स्पष्टीकरण नाही. चित्रकाराने केल्विनच्या डोळ्यांना लावलेला कॅमेरा उचलून आईच्या डोळ्यांना लावला, एवढंच झालं.

आता इथे कोणीही म्हणेल, मग काय, सगळं पोराच्या डोक्यातलं. पण दोरीची गोष्ट आठवा. केल्विनला बेड्या-दोऱ्यांतून सुटून दाखवणाऱ्या जादूगार हुडिनीसारखं सुटून दाखवायचं असतं, म्हणून तो हॉब्सकडून स्वतःला खुर्चीला बांधून घेतो. सुटता काही येत नाही. शेवटी बाबा येतात. तिथे पोरगं करकचून बांधलेलं, बाजूला कापसाचा वाघ. बाबांचा प्रश्न रास्त आहे: तू स्वतःला असं बांधलंस कसं? वाघ खोटा म्हणावा तर गाठ कोणी मारली? आणि खरा म्हणावा तर बाबांना तो दिसत का नाही? वॉटरसन दोन्ही बाजूंना दाद देत नाही. त्याने लिहूनही ठेवलंय की हॉब्स म्हणजे अचानक जिवंत होणारी बाहुली नाही आणि केल्विनच्या कल्पनेचा खेळही नाही. केल्विनला एक दिसतं, बाकीच्यांना दुसरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आपल्याकडे एकाच नवऱ्याबद्दल सासू आणि सून बोलतात ना, तसं.

आता फीबीकडे या. डेना सिम्पसनची ही पट्टी २०१२ मध्ये इंटरनेटवर ‘हेवनली नॉस्ट्रिल्स’ या नावाने सुरू झाली आणि २०१५ पासून वर्तमानपत्रांत आजच्या नावाने येऊ लागली. नऊ वर्षांची फीबी तळ्यावर दगडाच्या भाकऱ्या उडवत असते. त्यातला एक दगड जाऊन बसतो शिंगवाल्या घोडीच्या तोंडावर. या घोडीचं नाव मेरीगोल्ड हेवनली नॉस्ट्रिल्स. मराठीत झेंडू दिव्यनाके म्हणा हवं तर. आमच्याकडे आता ‘झेंडूताई’ एवढंच म्हणतात. बाई इतकी रूपगर्विता की पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरून तिची नजर हटेना, ती तिथेच अडकलेली. दगडाने तंद्री मोडली, म्हणून उपकाराची फेड म्हणून एक वर. फीबी मागते, तू माझी जिवलग मैत्रीण हो. बाईंना आवडो न आवडो, शब्द दिलेला.

इथे मोठं माणूस चौकटीत आलं की काय होतं? काहीच होत नाही. झेंडूताई होती तशीच, तेवढीच मोठी, शिंगासकट. तिच्याभोवती एक मंत्र आहे, ‘कंटाळ्याचं कवच’ म्हणू या. त्यामुळे ती सगळ्यांना दिसते, पण कोणालाच तिचं विशेष वाटत नाही. फीबीच्या आईवडिलांना ती ठाऊक आहे, ते तिच्याशी बोलतात. शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे. नवल तेवढं कोणी करत नाही.

मुंबईकराला हे कवच समजावून सांगायला नको. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, मी एकदा एक बाई देव्हारा घेऊन चढलेली पाहिली आहे. चांगला कमरेएवढा, शिसवी, कळसासकट. बायकांनी पाय आत घेतले, एकीने “कुठे उतरणार?” विचारलं आणि मटार सोलणारी मटार सोलत राहिली. देव्हारा सगळ्यांना दिसत होता. प्रश्न दिसण्याचा नव्हताच.

म्हणजे केल्विनमध्ये बदलतं ते चित्र आणि फीबीत बदलतं ते फक्त लोकांचं लक्ष. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढचं सगळं त्यातूनच येतं. झेंडूताईला फीबीच्या मागे, फीबीच्या माहितीबाहेर, स्वतःचं आयुष्य आहे. तिला फ्लॉरेन्स अनफॉर्च्युनेट नॉस्ट्रिल्स नावाची बहीण आहे, म्हणजे या घराण्यात नाक हा नाजूक विषय असावा. हॉब्सला काका नाही, मामा नाही, कुणी नाही. तो सुरुवातीला टूना सँडविचच्या आमिषाने सापळ्यात सापडतो आणि तिथून त्याचा इतिहास सुरू. मराठी माणसाला यापेक्षा पक्का पुरावा काय हवा? ज्याला नातेवाईक आहेत तो काल्पनिक असूच शकत नाही. काल्पनिक नातेवाईक कोण मुद्दाम ओढवून घेईल?

विनोदही म्हणून वेगळ्या जातीचा. केल्विन आणि हॉब्सची भांडणं वाचताना मनात सतत एक बारीक कळ असते, की हे पोरगं कदाचित स्वतःशीच भांडतंय. हॉब्स त्याच्याहून शहाणा आहे, शेजारच्या सूझीशी त्याचं बरं जमतं, तो केल्विनला त्याची खोटी बाजू दाखवतो. तो केल्विनचाच शहाणा अर्धा असेल तर मग ते पोरगं फार एकटं आहे. फीबीत ही कळ नाही. तिथे दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. एकीला मैत्री हवी आहे आणि दुसरीला आरसा, आणि त्या एकमेकींना सांभाळून घेतात. मला स्वतःला केल्विन वाचून झोप लागत नसे, भाचीला फीबी वाचता वाचता लागते. माझं माप केल्विनच्या बाजूला झुकतं हे उघड आहे, पण म्हणून झेंडूताईला त्याची नक्कल म्हणणं हा तिच्यावर अन्याय. तिचं घराणंच दुसरं.

ते घराणं सापडतं १९४२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ या दैनिकात. क्रॉकेट जॉन्सनची ‘बार्नबी’. पाच वर्षांच्या बार्नबीला आई परीची गोष्ट सांगते, रात्री त्यालाही तशी एखादी परी हवीशी वाटते, आणि खिडकीतून आत येतो बुटका, ढेरपोट्या, सिगार ओढणारा, पाठीला गुलाबी पंख असलेला मिस्टर ओ’मॅली. जादूची कांडी म्हणून तो सिगारच वापरतो. जादू बहुतेक वेळा फसते आणि पराक्रमाच्या गप्पा मात्र कधी आटत नाहीत. या पट्टीतल्या फुग्यांमधली अक्षरं हाताने काढलेली नसून छापखान्यातल्या टाइपाची आहेत. त्यामुळे ओ’मॅलीची थाप वाचताना ती सरकारी पत्रकासारखी गंभीर दिसते, आणि तिथेच हसू फुटतं.

इथली चौकट तिसऱ्याच प्रकारची. बार्नबी आईबाबांना सांगतो, ते वर येतात आणि ओ’मॅली नुकताच गेलेला असतो. मोठी माणसं एका सेकंदाने चुकतात, दर वेळी. पण शेजारची जेन त्याला बघते, बोलणारा कुत्रा आहे, एक भूतही आहे, आणि कहर म्हणजे ओ’मॅली चक्क काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून जातो. म्हणजे अख्ख्या मतदारसंघाने मत दिलं तो माणूस बार्नबीच्या बाबांच्या लेखी अस्तित्वातच नाही. बाबा मुलाला तज्ज्ञाकडे नेण्याच्या विचारात. वाचकाला मात्र क्षणभरही शंका नसते. ओ’मॅली खरा आहे, आंधळे मोठे आहेत.

झेंडूताई या घरातली. मित्र खरा, जादू खरी, आणि जगाच्या न बघण्यावर सगळा विनोद उभा. सिम्पसनने फक्त मोठ्यांचं आंधळेपण काढून घेतलं आणि त्यांना निवांत करून टाकलं. १९४२ च्या बापाला वेगळं मूल म्हणजे दुखणं वाटत होतं. फीबीचा बाप फार तर विचारतो, मैत्रीण जेवायला थांबणार आहे का?

याच ओ’मॅली-पद्धतीची एक गोष्ट टीव्हीवर चालली होती आणि तिचं पुढे जे झालं ते मला विसरता येत नाही. ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमात १९७१ पासून स्नफलअपगस नावाचा एक केसाळ, हत्तीसारखा अवाढव्य प्राणी होता. बिग बर्ड या पक्ष्याला तो भेटायचा, मोठी माणसं यायच्या आत निघून जायचा, आणि बिग बर्ड कानीकपाळी ओरडला तरी कोणी विश्वास ठेवत नसे. वर्षानुवर्षं हा हमखास विनोद होता. मग कार्यक्रम करणाऱ्यांच्या मनात आलं की घरोघरी बसलेली लहान मुलं यातून काय शिकतायत? आपल्यावर काही अत्याचार झाला आणि आपण तो सांगितला, तर मोठे आपल्यावरही असाच अविश्वास दाखवतील, हेच ना? म्हणून त्यांनी मोठ्यांना तो प्राणी दाखवून टाकला. तो भाग प्रसारित झाला १८ नोव्हेंबर १९८५ रोजी. त्याच सकाळी केल्विनची पहिली पट्टी वर्तमानपत्रांत छापून आली होती. एकीकडे मित्र सगळ्यांना दिसला, दुसरीकडे पुढची दहा वर्षं तो कोणाला दिसतो हे कोणीच सांगणार नव्हतं. हा निव्वळ योगायोग, पण काय योगायोग!

आता बाजाराचं थोडं. वॉटरसनने हॉब्सची खेळणी, कॉफीचे मग, टी-शर्ट काढायला शेवटपर्यंत नकार दिला. त्यात तत्त्व होतं, हट्ट होता, पण पट्टीपुरतं एक अगदी व्यावहारिक कारणही होतं: हॉब्स खरा की खोटा याचा निकाल बाहुल्यांच्या कारखानदाराने लावावा, हे त्याला नको होतं. दुकानात कापसाचा हॉब्स लटकला की आईची बाजू जिंकली आणि केल्विन हरला. (फॅशन स्ट्रीटला मी त्याचे टी-शर्ट पाहिले आहेत, कोणाच्या परवानगीने ते विचारू नका.) झेंडूताईचं खेळणं निघालं तर तिचं काहीच बिघडत नाही. उलट ती स्वतःची इतकी चित्रं बघून खूष होईल.

आमच्या दादरच्या चाळीतही असा एक होता. माझ्या दादाचा बंड्या. मोरीजवळच्या पाण्याच्या पिंपामागे राहायचा. दादा चार वर्षांचा, आणि पोळ्या करताना आई शेवटच्या उरलेल्या गोळ्याची पुरीएवढी पोळी लाटून ताटलीत पिंपाजवळ ठेवायची. म्हणायची, “बंड्याला सांग, गरम आहे.” ताटली रिकामी परत यायची. आजोबा येताजाता म्हणत, पोराला लाडावून ठेवलंय. आता माझ्या युक्तीने बघा. आजोबांच्या चौकटीत पिंप. आईच्या चौकटीत ताटली. मी त्या वेळी तीन महिन्यांची होते, त्यामुळे माझी साक्ष चालणार नाही. भाचीने परवा आजीलाच गाठलं: “आजी, बंड्या खरा होता का गं?” आजी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पोळी तर जायची.”

कोणाला कोणतं द्यावं, असं विचाराल तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आधी फीबीच द्या. इंग्रजी सोपं आहे, आणि मूल हिरमुसत नाही. केल्विनचे शब्द मोठे आहेत; बारा-तेराला हातात पडला तर जास्त लागतो, आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत डोकं घातलं तर एखादा संग्रह मिळूनही जातो. बार्नबीचे जाडजूड खंड अमेरिकेत निघाले आहेत. ते महाग पडतात, युद्धकाळातले बरेच संदर्भ आज लागत नाहीत, आणि तरी ओ’मॅलीची पहिली एंट्री कोणीही पाहावी.

भाचीला मी युक्ती सांगितली तेव्हा तिने केल्विनचा माझा जुना, पानं सुटलेला संग्रह मागून घेतला. आता ती पट्टी वाचत नाही, फक्त मोठ्यांच्या चौकटी शोधते आणि पेन्सिलीने बाजूला खूण करते. काल रात्री दादाच्या फोनवरून तिचा मेसेज आला: “आत्या, एका ठिकाणी आई पाठमोरी आहे. तिला काय दिसतंय ते कळतच नाहीये. इथे कुठली खूण करू?”