सागाचं वय फितीत मावत नाही

नागपुरात जुनं जंगल म्हटलं की आधी पेंच आठवतं. म्हातारे साग बघायचे असतील तर मात्र चंद्रपूरवरून पुढे आलापल्ली गाठावी. तिथलं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणजे जेमतेम 6 हेक्टरांचं जंगल. 2014 मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं झडल्यावर गेलं तर झाड बुडापासून शेंड्यापर्यंत नजरेत येतं.

घेर मोजायचा तो जमिनीपासून 1.37 मीटरवर, उतारावर असाल तर चढाच्या बाजूने. खोडामागे फीत घसरून तिरपी झाली की घेर हमखास जास्त भरतो. घेराला 3.14 ने भागलं की व्यास. इथवर सोपं.

घोळ वयाचा. सागात दर हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा पट्टा तयार होतो, म्हणून वर्षाचं वलय ओळखू येतं. पण साग तरुणपणी भराभर जाड होतो, पुढे मंदावतो. समजा, लाकडाची त्रिज्या 50 सेंमी आणि बाहेरची वलयं 2 मिमीची. सरळ भागाकार 250 वर्षं सांगेल. पहिली 30 वर्षं तो वर्षाला 5 मिमी वाढला असेल, तर 15 सेंमी तेव्हाच झाले. उरलेल्या 35 सेंमीची 175, म्हणजे एकूण 205. फीत अचूक, तरी 45 वर्षांची चूक! भर पावसाळ्यात मोठी उघडीप पडली की खोटं वलय उमटतं, ते वेगळंच. अभ्यासक पोकळ गिरमिटाने लाकडाची बारीक कांडी काढतात. झाड आतून पोकळ असेल तर सुरुवातीची वर्षं कांडीत सापडतच नाहीत, मिळतं ते किमान वय.

पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. वाढ सालीखालच्या पातळ थरात होते. बुंध्याशी त्रिकोणी खोबण दिसली तर ती कोणत्या बाजूला आहे ते बघा. चढाच्या बाजूला पालापाचोळा साचतो, वणव्याचा जाळ तिथे रेंगाळतो आणि साल तिथेच करपते. सालीवर वाळवीची माती दिसली की ‘साग गेला’ म्हणून लोक हळहळतात. बहुतेकदा वाळवी वरची मेलेली सालच खात असते.

फोटोसाठी बुंध्याला खेटून उभं राहणं टाळा. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात आणि रोजच्या पावलांनी माती दबली की त्यांची हवा तुटते.