नस दबली, पण कोणती?

"नस दबलीय" या एका वाक्यावर आपल्याकडे निम्मं वैद्यकशास्त्र चालतं. पोटरीत गोळा आला की नस चढली. मान धरली की नस आखडली. लॅबमधल्या मुलीला रक्त घ्यायला शीर सापडेना की नस मिळत नाही. शाळेच्या पुस्तकात याला तीन वेगळी नावं होती: मज्जातंतू, हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी नीला. रोहिणी आणि नीला तर वर्गातल्या दोन मुलींसारखी नावं, विसरायची सोयच नव्हती. तरी आपण विसरलो आणि तिघांची मिळून एक नस केली.

एरवी याने काही बिघडत नाही. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या अरुंद जागेत या तिघांपैकी काहीतरी दबण्याचा आजार, असेल तर बिघडतं. मला तो आहे, उजव्या बाजूचा, अडीच वर्षं झाली. टीओएस हे त्याचं आटोपशीर नाव. या अडीच वर्षांत नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत, ऑफिसात, फिजिओथेरपीच्या बाकावर एकच घोटाळा इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकते. ज्यांचा मज्जातंतू दबलाय ते रक्ताच्या गुठळीच्या भीतीने रात्र रात्र जागतात, आणि ज्यांची नीला अडलीय ते "नसच आहे, बसेल" म्हणत मालिश करून घेतात. भीती चुकीच्या घरी मुक्कामाला.

मानेच्या मणक्याचं तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ते पटकन. ठाण्यात दर तिसऱ्या घरात एक स्पॉन्डिलायसिस आणि कपाटाच्या वर एक पट्टा असतोच. मणक्याजवळ मज्जातंतू दबला तर मुंग्या बहुतेकदा अंगठ्याकडे किंवा मधल्या बोटात जातात, मान वळवली की कळ येते, आणि हात डोक्यावर ठेवला की बऱ्याच जणांना बरं वाटतं. टीओएसमध्ये उलट, हात वर नेला की त्रास सुरू. मी ऐरोलीला जाते. ट्रान्सहार्बरच्या गाडीत कडी धरून उभी राहिले की दिघा येईपर्यंत करंगळी बधिर. मनगटाशी दबलं तर अंगठ्याकडची तीन बोटं आणि रात्रीची जाग, कोपराशी दबलं तर करंगळी, पण कोपराच्या वर-खाली हाताची आतली बाजू शाबूत. झालं. मानेचा एमआरआय डॉक्टर हे वगळायलाच करतात, तेव्हा तो नॉर्मल आला म्हणून "मग मला झालंय तरी काय" असं रडायचं कारण नाही. आणि तो कपाटावरचा पट्टा कृपा करून तिथेच राहू द्या.

आता मूळ मुद्दा.

मानेच्या बाजूला पुढे-मागे असे दोन स्केलीन स्नायू पहिल्या बरगडीवर उतरतात. त्या दोघांच्या फटीतून हाताकडे जाणारे मज्जातंतू आणि रोहिणी जाते. नीला त्या फटीतून जातच नाही. ती पुढच्या स्नायूच्याही पुढून, कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या कोपऱ्यातून येते. शेजारी तिघं, पण दारं दोन. म्हणून एक दबलं म्हणजे हळूहळू दुसरंही दबणार, हा जो हिशेब रात्री दोन वाजता मांडला जातो तो तसा नसतो. मज्जातंतूचा प्रकार हा नीलेच्या प्रकाराची पहिली पायरी नव्हे. टीओएसच्या शंभर रुग्णांत नव्वदहून जास्त मज्जातंतूवाले, तीन ते पाच नीलेवाले आणि रोहिणीवाला एखादाच.

मज्जातंतूचा त्रास कुरकुऱ्या असतो. कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मनगटापासून कोपरापर्यंतची आतली बाजू, मानेत आणि कॉलरबोनच्या वर ओढ. आमच्याकडे छताला दोऱ्या बांधल्यात, काठीने कपडे वाळत घालायचे. पहिले तीन कपडे ठीक, चौथ्याला हात जड, पाचव्याला शिशाचा, सहावा कपडा काठीवरून माझ्याच डोक्यावर. हात खाली घेऊन पाच मिनिटं बसलं की उतरतं. कधी हात गार लागतो, रंगही थोडा उतरतो, आणि इथेच माणूस घाबरतो. पण हे येतं आणि जातं. अंगठ्याखालची गादी बसायला लागली किंवा हातातून कप निसटायला लागले तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं.

नीलेचं प्रकरण असं येत-जात नाही. ते एका दिवसात उभं राहतं. 1875 साली पॅजेट आणि 1884 साली श्रोटर यांनी त्याबद्दल लिहिलं, म्हणून दोघांचं नाव त्याला चिकटलं. कॉलरबोन आणि बरगडीच्या कात्रीत नीला वर्षानुवर्षं चेपली जाते, आणि एखाद्या दिवशी जोराच्या मेहनतीनंतर तिच्यात गुठळी धरते. बहुतेकदा तरुण, धडधाकट, हात डोक्यावर नेऊन ताकद लावणारी माणसं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा पोलीस भरतीसाठी गोळाफेकीचा सराव करत होता, वय तेवीस. एका सकाळी काकू माझ्याकडे फिजिओचा नंबर मागायला आल्या. "तुझ्यासारखंच झालंय गं त्याला, नस दबलीय. संध्याकाळी मालिशवाल्या मामांनाही बोलावलंय." मी वर गेले. ट्यूबलाइटखाली त्याला दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला लावले. उजवा दंड डाव्याहून सरळ सरळ जाड, पंजा जांभळट, खांद्यावर आणि छातीच्या वरच्या भागावर निळ्या रेघांचं जाळं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेना. मुंग्या? "नाही ताई, नुसता ताठलाय, फुटेल असं वाटतंय."

हे माझ्यासारखं नव्हतंच. नीला अडली की हात निळा, इतकं सोपं आहे ते लक्षात ठेवायला. मामांना नको म्हणून कळवलं, कारण ताज्या गुठळीवर मालिश म्हणजे ती सुटून फुप्फुसात जायला निमंत्रण. त्याला तसंच रिक्षात बसवून कॅज्युअल्टीत नेलं, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी झाली, गुठळी दिसली. रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली, नळी घालून गुठळी विरघळवली. हा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात चांगला लागू पडतो, म्हणून इथे "सोमवारी बघू" चालत नाही. डॉपलरला कॉलरबोनच्या मागचा भाग नीट दिसत नाही, तेव्हा ती साफ आली तरी हात सुजलेलाच असेल तर डॉक्टर पुढे सीटी सांगतात. ते टाळू नका.

रोहिणीचं एका दमात सांगते. बहुतेकदा मानेत जन्मजात एक जादा बरगडी असते, तिच्यावर घासून रोहिणी बिघडते, बोटं पांढरी आणि गार पडतात, टोकांना जखमा होतात. हेही तातडीचं. पण एक्स-रेच्या रिपोर्टात "सर्व्हायकल रिब" हे दोन शब्द दिसले म्हणजे रोहिणी गेली असं नाही. ती बरगडी शेकड्यातल्या एखाद्या माणसाला असते आणि बहुतेकांना मरेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

माझा खास राग त्या नाडीच्या व्हिडिओंवर आहे. मान वळवा, श्वास रोखा, मनगटाची नाडी गेली की तुम्हाला टीओएस! ही ॲडसनची चाचणी, 1927 सालची. नाडी असते रोहिणीची. मज्जातंतू दबलाय की नाही ते ती काय सांगणार? शिवाय काहीही आजार नसलेल्या कितीतरी माणसांची नाडी या आसनात गायब होते. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहा जणांनी करून बघितली, तिघांची गेली, त्यातला एक दर रविवारी येऊरला सायकल चढवतो. तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाती ही चाचणी इतर दहा गोष्टींबरोबर ठीक आहे. पलंगावर एकट्याने, मोबाइल उशीला टेकवून करण्यासारखी ती नाही. मी एका रात्रीत चौदा वेळा केली होती, म्हणून सांगते.

ऑपरेशनच्या बाबतीत तर या एका शब्दाने कहर केलाय. ऑपरेशन दोघांचं साधारण तेच, पहिली बरगडी काढायची, स्केलीन स्नायू सोडवायचे. कधी काखेतून, कधी कॉलरबोनच्या वरून किंवा खालून. पण प्रश्न वेगळा. नीलेवाल्याने सर्जनला "कधी" असं विचारायचं असतं. मज्जातंतूवाल्याने "करायचं का" असं. वरच्या मजल्यावरच्या मुलाची बरगडी काढली, कारण कात्री तशीच ठेवली तर गुठळी पुन्हा धरायची शक्यता मोठी. माझ्यापुढे तशी घाई नाही. आधी काही महिने नीट फिजिओ, बसण्या-झोपण्याची पद्धत बदलणं, खांद्यावरची जड सॅक बंद. एवढं करूनही हात रोजच्या कामाला आडवा येत असेल तरच पुढचं बोलणं. त्याआधी स्केलीन स्नायूत बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात. त्याने थोडा वेळ का होईना, त्रास उतरला तर ऑपरेशनचा उपयोग व्हायची आशा जास्त. उतरला नाही तर सर्जन स्वतःच हात आखडता घेतो, आणि घेतलेला बरा.

"बरगडी काढणार" हे ऐकून माझी सासू देवापुढे बसली होती. तिला मी बारा जोड्या मोजून दाखवल्या. पहिली बरगडी आखूड, चपटी, कॉलरबोनच्या मागे दडलेली. ती गेल्याने श्वास घ्यायला अडत नाही आणि छाती वाकडीही दिसत नाही. खरे धोके दुसरे आहेत, ते सर्जनकडून नावानिशी ऐकून घ्यावेत: फुप्फुसाभोवती हवा शिरणं, रक्तस्राव, छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याकडे जाणाऱ्या किंवा हाताच्या मज्जातंतूला इजा. आणि मज्जातंतूच्या प्रकारात सगळ्यांचा त्रास पूर्ण जात नाही, हेही. हे ऐकून माझी भीती वाढेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. नाव असलेल्या भीतीशी बोलता येतं, "काहीतरी होईल"शी बोलता येत नाही. सर्जनची माझी एकच अट: वर्षाला अशी किती करता, असं विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही.

भीतीचंही एक शरीर असतं, तेवढं सांगायला हवं. घाबरलं की आपण छातीच्या वरच्या टोकाने भराभर श्वास घेतो. त्यासाठी पहिली बरगडी वर ओढण्याचं काम करतात ते हेच स्केलीन स्नायू. म्हणजे टीओएसची काळजी करत जागलं की ज्या जागी अडचण आहे तीच जागा आणखी आवळायची. वर भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यानेही मुंग्या येतात. फरक असा की त्या बहुतेकदा दोन्ही हातांना आणि ओठांभोवती येतात. माझ्या एका हाताच्या करंगळीला दोन्ही हातांची साथ मिळाली की मला कळतं, हे गाडीतल्या कडीचं नाही, रात्रीच्या वाचनाचं आहे. मग पोटावर हात ठेवून सावकाश श्वास, खांदे अजिबात वर न नेता. फिजिओने पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. मला ते तेव्हा वेळकाढूपणा वाटलं होतं. छातीत दाब, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असेल तर मात्र हे श्वासाचं वगैरे बाजूला ठेवून सरळ ईसीजी. तिथे टीओएस असणं ही काही सबब नाही.

आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. हात सुजून निळा-जांभळा: आजच. बोट पांढरं, गार, दुखरं: आजच. अचानक धाप किंवा छातीत कळ: आत्ता. बाकी सगळं: वहीत. काय करताना, किती वेळाने, कुठलं बोट, किती मिनिटांत उतरलं. रात्री दोनला नवीन काही सुचलं तर तेही वहीत, आणि ते वाचायचं सकाळी चहानंतर. वही दिवाळीनंतर सर्जनसमोर उघडायची आहे. इंजेक्शनचं तेव्हा ठरेल.

कालची नोंद: आकाशकंदील यंदा नवऱ्याने लावला. मी खाली उभी राहून वाकडा आहे, वाकडा आहे म्हणत होते. मुंग्या नाहीत.