नाकाचं ऑपरेशन जनआरोग्य योजनेतून: नाशिककरांनी काय तयारी ठेवावी

मोफत उपचार देणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत स्वतः भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. आधी मंजुरी, मग ऑपरेशन.

पात्रता सोपी आहे. पिवळी आणि केशरी शिधापत्रिका पूर्वीपासून चालत होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरी शिधापत्रिकाही आली आणि कुटुंबाच्या उपचारखर्चाचं संरक्षण वर्षाला ५ लाख रुपये झालं. नाक सुंदर दिसावं म्हणून केलेलं ऑपरेशन यात बसत नाही, आणि ओपीडीत दुर्बिणीने नुसतं नाक तपासून घरी जायचं असेल तर तेही योजनेत बसत नाही.

त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय असो की खासगी, रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर विसंबू नका; कान-नाक-घसा विभाग संलग्न आहे का ते आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) किंवा १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा. सोबत शिधापत्रिका, आधार आणि जुने रिपोर्ट न्या. सायनसच्या (नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या) ऑपरेशनच्या मंजुरीला सीटी स्कॅन आणि दुर्बिणीचा रिपोर्ट लागतो. नाकाच्या वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनसाठीही सीटी स्कॅन आधीच काढून ठेवलेला बरा. काम हमखास अडतं ते नावापाशी: लग्नानंतर सुनेचं नाव माहेरच्याच शिधापत्रिकेवर, किंवा आधारवरचं स्पेलिंग वेगळं. शहरात धान्य वितरण अधिकारी कार्यालयात, तालुक्याला तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्ती होते. तारीख घेण्याआधीच ती उरका.

काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा संशय असेल तर मात्र कागदांसाठी थांबू नका. मधुमेही रुग्णाच्या नाकात काळी खपली, एका बाजूचा गाल बधिर, डोळा सुजलेला, एकाच्या जागी दोन दिसणं, वरचे दात हलणं: लगेच दाखल व्हा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेतली जाते, कागद मागाहून देता येतात. बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे, दोन भाग होतात. एक फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन) पॅथॉलॉजीला, दुसरा साध्या सलाईनमध्ये बुरशीच्या तपासणीला. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की बुरशी मरते, कल्चर येत नाही, म्हणजे ती प्रयोगशाळेत वाढवून ओळखता येत नाही. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं की रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासावं लागतं, कारण औषध मूत्रपिंडावर जड जातं.

डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं योजनेतच येतात. ऑपरेशननंतर नाकात धरणाऱ्या खपल्या काढायची पहिली तारीख त्या मुदतीतलीच मागून घ्या.