टॅरो वाचन : प्रारंभिक अभ्यास

टॅरो वाचन म्हणजे ७८ सचित्र पत्त्यांच्या जोडातून काही पत्ते ओढून, त्यांवरील चित्रांच्या आधाराने एखाद्या प्रश्नाचा विचार करण्याची पद्धत. भविष्य सांगण्याचे साधन म्हणून ती प्रसिद्ध असली, तरी आज अनेक जण तिच्याकडे आत्मपरीक्षणाचा मार्ग म्हणून वळतात. नवशिक्याला धास्ती वाटते ती ७८ अर्थ पाठ करण्याची. वास्तविक टॅरो शिकणे म्हणजे मुख्यतः चित्र पाहायला शिकणे, आणि सुरुवातीलाच पाठांतराच्या मागे लागले की नेमके तेच राहून जाते.

हे पत्ते मुळात खेळाचे. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना हुकमाच्या पत्त्यांचा कायमचा, स्वतंत्र संच जोडला गेला आणि त्यातून एक नवा खेळ तयार झाला. मिलानच्या विस्कोंती व स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेल्या पत्त्यांपैकी बरेचसे न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आणि इटलीतील बेर्गामो येथे जपलेले आहेत. फ्रान्स व ऑस्ट्रियात टॅरो आजही खेळला जातो. प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी आपले गूढ ज्ञान या पत्त्यांत दडवले, ही कथा आँत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये मांडली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. पुढे ती वाचता आली, पण या कथेला आधार मिळाला नाही. त्याच काळात एतेइला या टोपणनावाने लिहिणाऱ्या झाँ-बातिस्त आलिएत याने भविष्यकथनासाठी खास पत्ते तयार केले. खेळाचे पत्ते भविष्याचे झाले ते असे.

शिकणाऱ्याने कोणता जोड घ्यावा, याचे सरळ उत्तर आहे : १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला, किंवा त्याच धर्तीवर पुढे निघालेल्या असंख्य जोडांपैकी एक. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. जुन्या मार्सेय पद्धतीच्या जोडात पेल्यांच्या पंजीवर फक्त पाच पेले मांडलेले असतात. अर्थ आठवला नाही, तर पत्ता मुका राहतो. स्मिथ यांनी अशा प्रत्येक पत्त्यावर माणसे, हवामान, रस्ते, पाणी असा एकेक प्रसंग रंगवला. पंधराव्या शतकातील सोला बुस्का या जोडाचा अपवाद सोडला, तर असे आधी क्वचितच झाले होते. दीर्घकाळ हा जोड प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. आता त्याला रायडर-वेट-स्मिथ म्हणतात, आणि तसेच म्हणायला हवे, कारण शिकणाऱ्याचा हात धरतात ती चित्रेच. पहिला जोड भेट म्हणूनच मिळाला पाहिजे, हा समज मात्र खुशाल विसरावा.

जोडाचे दोन भाग असतात. ‘मूर्ख’पासून ‘जग’पर्यंतच्या २२ पत्त्यांना मेजर अर्काना म्हणतात; त्यांत आयुष्यातील मोठी वळणे पाहिली जातात. उरलेले ५६ पत्ते मायनर अर्कानाचे, म्हणजे रोजच्या जगण्याचे. त्यांचे चार रंग : दंड (उत्साह, काम), पेले (भावना, नाती), तलवारी (विचार, संघर्ष) आणि नाणी (पैसा, शरीर, घर). प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि सेवक, घोडेस्वार, राणी, राजा ही चार पात्रे. एवढी चौकट ध्यानात राहिली की सुरुवातीला पुरे.

मग एकच पत्ता घेऊन बसावे. पेल्यांची पंजी पाहू. काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. पुढ्यात तीन पेले लवंडलेले. पुस्तक सांगेल, ‘शोक, हानी’. पण नजर रेंगाळली, तर पाठीमागे दोन पेले शाबूत उभे दिसतात. नदी आहे, तिच्यावर पूल आहे, पलीकडे वास्तू आहे. त्या व्यक्तीला यांतले काही दिसत नाही, कारण ती वळलेली नाही. आता प्रश्न आपोआप उभे राहतात : काय सांडले? काय उरले? वळायला अजून वेळ हवा आहे का? वाचन सुरू होते ते इथे. शोकाला घाई न करता त्याच्या पाठीशी दोन पेले उभे ठेवणारे हे चित्र फार सहृदय आहे.

भीतिदायक पत्त्यांनाही हाच न्याय लावावा. ‘मृत्यू’च्या पत्त्यावर चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येतो, पण दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्यही दिसतो. वाचक त्याचा अर्थ सहसा एखाद्या पर्वाची अखेर असा घेतात, कोणाचे मरण असा नव्हे. ‘उलटा टांगलेला माणूस’ तर चेहऱ्याने शांत आहे आणि त्याच्या डोक्याभोवती तेजोवलय आहे.

सरावासाठी रोज सकाळी पत्ते पिसून एक पत्ता ओढावा, आधी काय दिसले ते वहीत लिहावे, पुस्तक नंतर उघडावे, आणि रात्री दिवसाशी ताडून पाहावे. काही आठवड्यांनी तीन पत्त्यांची मांडणी करता येते. ती भूत, वर्तमान, भविष्य अशी किंवा परिस्थिती, अडथळा, पुढचे पाऊल अशी वाचतात. दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस मांडणी आकर्षक असली, तरी नंतरसाठी ठेवावी. उलटे आलेले पत्ते सुरुवातीला सुलटे करून घेतले तरी चालते. अनेक अनुभवी वाचकही तसेच करतात. प्रश्न मात्र नीट घडवावा. ‘नोकरी मिळेल का?’ याला पत्ता उत्तर देत नाही. ‘या शोधात माझे कशाकडे दुर्लक्ष होते आहे?’ यावर मात्र तो विचाराला चालना देतो.

पत्त्यांमधून भविष्य कळते, याला शास्त्रीय पुरावा नाही. वाचन ‘अगदी माझ्याबद्दलच’ वाटते, त्याचे एक कारण मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांच्या १९४८ च्या प्रयोगात सापडते. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे एकच वर्णन, प्रत्येकासाठी वेगळे असल्याचे भासवून दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. दुसऱ्यासाठी पत्ते मांडणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. समोरची व्यक्ती बहुधा अडचणीत असते आणि ऐकलेले मनावर घेते. म्हणून आजार, गर्भारपण, कोर्टकज्जे किंवा कोणाच्या आयुर्मर्यादेविषयी पत्त्यांवरून काही सांगू नये. तिथे डॉक्टर वा वकिलाकडेच पाठवावे. इतर बाबतीतही आपला अर्थ लादण्याआधी पत्ता त्या व्यक्तीपुढे सरकवून विचारावे, ‘तुम्हाला यात काय दिसते?’