माळरान पडीक नाही हो!

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हिवाळ्यात सकाळी जाऊन उभं राहा, पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही, नुसतं वाळलेलं कुसळी गवत, मधेच एखादी बोर नाहीतर हिवर आणि लांब कुठेतरी मेंढरं. मग हळूहळू चंडोल दिसतो, धाविक पक्षी पळताना दिसतो, काळविटांचा कळप दिसतो आणि नशीब असेल तर लांडगा. पण सरकारी कागदावर ही जमीन 'पडीक'! इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून सारा मिळायचा नाही ती वेस्टलँड ठरायची, तो शिक्का अजून पुसलेला नाही.

आणि पडीक म्हटलं की लगेच कुणीतरी झाडं लावायला येतं. हेतू चांगलाच असतो, पण गवताचं गणित वेगळंय. माळावरची बहुतेक गवतं सी-फोर प्रकारची, म्हणजे कडक ऊन आणि कमी पाणी यातच ती जोमात वाढतात, डोक्यावर सावली आली की मागे पडतात. गिरीपुष्पासारखं झाड दाट लावलं की खालचं गवत गेलं, गवताबरोबर टोळ-नाकतोडे गेले, जमिनीवर घरटं करणारे पक्षी गेले. बरं, कार्बनसाठी झाडं म्हणाल तर गवताळ प्रदेशातला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत, जमिनीखालीच असतो, खड्डे खणून आपण तोच उघडा पाडतो.

माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्याचं उदाहरण घ्या. नराचं वजन १५ किलोपर्यंत, मादी सहसा एका वेळी एकच अंडं घालते तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे शत्रू लांबूनच दिसेल अशी मोकळी जागा तिला लागतेच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं कमी दिसतं, म्हणून विजेच्या तारांवर आपटून हे पक्षी मरतात. १९७९ मध्ये इथे अभयारण्य झालं, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं! त्यात गावंच्या गावं, लोकांच्या खाजगी जमिनी, मग शेतकऱ्याला तो पक्षी आपला वाटणार कसा? पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण मधल्या काळात कालव्याचं आणि बोअरचं पाणी आलं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. कोरडवाहू रानात माळढोक फिरायचा, किडे खायचा, उसात तो काय करणार? आज देशभरात दीडशेच्या आसपासच उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे.

मला विचाराल तर माळ टिकवण्यात मोठा वाटा धनगरांचा आहे. मेंढरं चरतात, पुढे जातात, गवत पुन्हा फुटतं, आणि शेतात कळप बसवला की शेतकऱ्याला फुकट खत. लांडगा त्यांचीच मेंढरं नेतो, तरी कित्येक जण तो आपला वाटा घेऊन जातो म्हणतात. पण भरपाईसाठी पंचनामा लागतो आणि वाडा, म्हणजे धनगरांचा कळपासकट मुक्काम, तर दोन दिवसांत पुढच्या गावाला गेलेला असतो, मग त्या माणसाने मेलेलं मेंढरू घेऊन ऑफिसात थांबायचं का? पंचनामा जिथे वाडा उतरलाय तिथेच, त्याच दिवशी व्हायला हवा, आणि चराईचे रस्ते झाडं लावून बंद करणं आधी थांबायला हवं.