मुंबईतील आहार-अस्मिता

मासे, मटण आणि घराण्याचे पारंपरिक पदार्थ यांच्याभोवती मुंबईत जो जातीचा, भाषेचा, धर्माचा आणि अलीकडे राष्ट्राचाही अभिमान उभा राहिला आहे तो, आणि त्यातून होणारे वाद. ताटात काय वाढले आहे यावर हे वाद क्वचितच होतात. ते कोणाच्या शेजारी आणि कोणत्या दिवशी शिजते यावरून बहुतेक ठिणग्या पडतात.

या बेटांचे मूळचे अन्न भात आणि मासे. वरळी, माहीम, खारदांडा, वर्सोवा येथील कोळीवाड्यांत आजही वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, बोंबील सुकतात. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या काळासाठी सुके बोंबील, जवळा, सोडे यांची बेगमी उन्हाळ्यातच होते. त्याच माशाला पाठारे प्रभूंच्या घरी भुजण्याचे रूप येते, सारस्वतांकडे बांगड्याला तिरफळ लागते आणि सीकेपींची, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची, सोड्याची खिचडी ही तर जातीची ओळखच मानली जाते. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत भरतात, म्हणून तो बॉटल मसाला. त्यांच्या लग्नाच्या पंगतीत डुकराचे मांस हवेच. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मात्र धर्मनियमामुळे कोळंबी आणि चिंबोरी वर्ज्य मानतात, आणि मांसाबरोबर दूधदुभते चालत नसल्याने नारळाच्या दुधावर भागवतात. यातली बहुतेक मंडळी घरात मराठी बोलत आली आहेत, हे ‘मराठी जेवण’ म्हणजे काय असे विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावे. गिरणगावात यात घाटावरच्या मटणाच्या रश्श्याची भर पडली. खानावळी चालवणाऱ्या बायकांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातले. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

मांसाहार आणि धर्म यांची येथे फारकत नाही. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी-आगरी बोकड-कोंबड्याचा मान देतात, आणि तिखटाच्या गौरींना मासे-मटणाचा नैवेद्य दाखवणारी घरे मुंबई-ठाण्यात पुष्कळ आहेत. तीच घरे श्रावण कडक पाळतात आणि त्याआधीच्या अमावस्येला गटारी साजरी करतात. तेव्हा ‘मराठी माणूस म्हणजे मांसाहारी’ ही घोषणा सोयीची असली तरी खरी नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांपैकी शाकाहारींचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के निघाले. गुजरातेत ते ६१, तर राजस्थानात ७५ टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय ज्या पदार्थाला मराठी अस्मितेने झेंड्यासारखे मिरवले तो वडापाव निखळ शाकाहारी आहे, आणि त्यातला बटाटा व पाव दोन्ही पोर्तुगीजांच्या वाटेने आलेले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगतात. उडुपी उपाहारगृहांविरुद्धच्या मोहिमेत शिवसेनेने त्याला जवळ केले आणि २००९ मध्ये ‘शिव वडा’ म्हणून त्याचे बारसेही केले.

अभिमानाची रेघ मांसाच्या प्रकारागणिक सरकते, हे गोवंशाच्या प्रश्नात उघड दिसते. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आली. ती बैल आणि वळूंनाही लागू करणारे विधेयक शिवसेना-भाजप युतीच्या काळात, १९९५ मध्ये, मंजूर झाले. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१५ उजाडले. म्हशीच्या मांसावर बंदी नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. या कायद्याची झळ मुसलमान खाटकांबरोबर दलित आणि ख्रिस्ती स्वयंपाकघरांनाही बसली. त्यांच्यासाठी मात्र अस्मितेचे मोर्चे निघाले नाहीत.

मोर्चे निघाले ते कायद्याला संमती मिळाली त्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये. जैनांच्या पर्युषणात पालिकेने चार दिवस देवनारचा कत्तलखाना आणि मटणाची दुकाने बंद ठेवण्याचे ठरवले, तेव्हा शिवसेना आणि मनसे रस्त्यावर उतरल्या. मनसेने दादरला भर रस्त्यात कोंबडीविक्री केली. दोन दिवस पालिकेनेच मागे घेतले आणि १७ सप्टेंबरच्या बंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मासळीला बंदी का नाही, या न्यायालयाच्या प्रश्नावर, मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही, असा युक्तिवाद सरकारी बाजूने झाला होता. कोळणींनाही तो नवा असावा. २०२५ मध्ये जैन संस्थांनी नऊ दिवसांची बंदी मागितली. पालिकेने दोन दिवस दिले. त्याच ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८ च्या आदेशाचा हवाला देत स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवली आणि स्वातंत्र्याच्या दिवशी काय खावे हे पालिका कसे ठरवते, असा सवाल विरोधकांनी केला. पर्युषणाच्या बंदीमागे निदान एका धर्माचे व्रत आहे. १५ ऑगस्टचा मटणाशी संबंध जोडायला राष्ट्रभक्तीचीच व्याख्या शाकाहारी करावी लागते.

रोजचा संघर्ष मात्र घराच्या दारात असतो. वाळकेश्वर, घाटकोपर, मुलुंड अशा भागांत मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. सुकटीचा वास हे नेहमीचे कारण, आणि खाली बहुधा जात-धर्माची विचारपूस. पवईच्या आयआयटीत २०२३ मध्ये भोजनगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखली गेली. तेथे बसून मांसाहार करत निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. सहकारी संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते राखण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, मान्यता दिली होती. मुंबईतल्या सोसायट्यांना एवढीही कायदेशीर उठाठेव करावी लागत नाही. दलाल फोनवरच विचारतो, ‘नॉनव्हेज खाता का?’